ताणलेली तार

भाषांतर करता करता ट्यूबलाइटच्या चोकच्या तक्त्याशी येऊन तिचं बोट थबकलं. 'स्पॅनिंग', आणि पुढे दोनशे तीस व्होल्ट.

हाच शब्द काल पहिल्या पानावर होता. वीज गेल्यावर बॅटरीवर पेटणाऱ्या ट्यूबलाइटचं ते डच माहितीपत्रक ती दादासाठी उतरवत होती. बटण बंद केलं तरी तपकिरी तार 'स्पॅनिंग'खाली राहते, असं त्यात होतं. शब्दकोशातला पहिला अर्थ ताण. तिने मराठीत बिनधास्त लिहून टाकलं होतं, तार ताणलेली राहते, ओढू नये. त्याच शब्दाला विजेचा दाब हाही अर्थ आहे, हे आत्ता कळत होतं. बटण बंद असतानाही त्या तारेत वीज होती.

ते पान घेऊन दादा सकाळीच वाचनालयातले दिवे दुरुस्त करायला गेला होता.

फोन नुसता वाजत राहिला. हाती लागल्या त्या चपला पायांत सरकवून ती पळत सुटली. वाचनालय दोन गल्ल्या पलीकडे. आज ते दुसऱ्या गावात असल्यासारखं वाटत होतं.

हॉलमधले दिवे बंद होते. दादा शिडीच्या टोकाला उभा होता आणि त्याचा उघडा हात दिव्याच्या पेटीत गेला होता. ओठांवर आलेली हाक तिने गिळली. दचकला आणि बोट लागलं तर?

"दादा," ती जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "हात बाहेर घे. सावकाश."

"काय गं? भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?"

"आधी हात घे ना बाहेर."

त्याने घेतला. मग तिने अडखळत सगळं सांगितलं. खिशातला टेस्टर काढून त्याने तपकिरी तारेला टेकवला. टेस्टर लालबुंद पेटला.



"तू नेहमी टेस्टर लावतोस ना रे?"

"लावतो की." तो खाली उतरला. "आज नाही लावला. म्हटलं, पान तू लिहिलंयस."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो मात्र निमूट जाऊन मेन स्विच पाडून आला आणि पुन्हा शिडी चढला. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली.

"चोकचं पान झालं का?" वरून त्याने विचारलं.

"होत आलंय. दादा, टेस्टर लाव."

"अगं, मेनच पाडलाय."

"तरी लाव."

मग त्याचा हात खिशाकडे गेला.