लिफ्टचा धक्का

तारा अंधूक असेल तर कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवायचा, यात वाद कसला? मी पाच वर्षं दर फोटोला पाच मिनिटं देत आले. फोटो स्वच्छ येतात, तारा ठसठशीत दिसतो.

केतन माझा जुना विद्यार्थी, हल्ली एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत असतो. त्याचं एकच तुणतुणं, चाळीस सेकंदांचे काढूया. त्याचे फोटो मी पाहिलेत. नुसता सांडलेला रवा. त्या रव्यात तारा शोधत बसायला मी रिकामटेकडी नाही, असं त्याला तोंडावर सांगितलंय.

प्रश्न एवढाच होता की आमच्या ताऱ्याला ग्रहण लागतं का, म्हणजे त्याचा जोडीदार तारा त्याच्या आड येतो का. लागत नाही, असा अहवाल मी लिहून ठेवला होता. तो रविवारी निरीक्षकांच्या गटाला जायचा होता. अडतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, पण माझं स्वतःचं काम म्हणावं असा हा एकच कागद. तो चुकायला नको होता.

केतनची शंका अशी की ग्रहण चारच मिनिटांचं असलं तर? पापणी मिटून परत उघडेपर्यंत फोटो चालूच राहिला तर मिटलेला डोळा दिसणार कसा? मी म्हटलं, मग निदान तो फोटो तरी मंद यायला हवा. तसे मंद फोटो यायचे, नाही असं नाही. पण त्यांचं कारण मला ठाऊक होतं. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत लिफ्टची मोटर गच्चीवर आहे, माझ्या दुर्बिणीशेजारीच; ती सुरू झाली की दुर्बीण हलते आणि ताऱ्याचा उजेड पसरून फिका पडतो. असा फोटो मी गाळायचे आणि वहीत वेळेपुढे 'लिफ्ट' लिहायचे.

शुक्रवारी लिफ्ट बंद पडली. मेकॅनिक सोमवारी येणार होता. केतन म्हणाला, आज माझ्या हिशोबाने काढू. एकदाचं त्याचं तोंड बंद होईल म्हणून मी हो म्हटलं.

नऊच्या सुमाराला सलग सहा फोटोंत, म्हणजे चार मिनिटं, तारा नव्हता. शेजारचे तारे जागच्या जागी, छान गोल. सातव्या फोटोत तो परत आला. मी ढग पाहिले, दव पाहिलं, वायर हलवून पाहिली. एक तास बावन्न मिनिटांनी तो पुन्हा गेला.

मग केतनने वही मागितली. मला द्यायची नव्हती, पण दिली. तो 'लिफ्ट'पुढच्या वेळा ताडून पाहत बसला. एकशे चौदा नोंदींपैकी शहाण्णव त्याच एक तास बावन्न मिनिटांच्या चालीवर पडत होत्या. लाज वाटली, सरळ सांगते.

"मॅडम, पाच वर्षं पुरावा आपल्याकडेच होता," केतन म्हणाला.

"होता. मीच काढून टाकत होते."

मग त्याने सुचवलं की अहवालात 'उपकरणातील दोषामुळे' असं घालू, कोण विचारतंय. पोरगं मला सांभाळून घेत होतं. त्याचा मला रागच आला.

"उपकरणात काही दोष नव्हता," मी म्हटलं. "लिही, शहाण्णव ग्रहणं सुमती साठे यांनी स्वतः गाळली. आणि वर पहिलं नाव तुझं घाल."