डाव्या दरवाजाचे सात थर

आमच्याकडे अठरा वर्षांपूर्वी घेतलेली एक गडद निळी गाडी आहे. घरात तिचा मान माझ्यापेक्षा मोठा, कारण ती माझ्या आधी या घरात आली आणि तिच्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. ती चालवायचे माझे सासरे, म्हणजे बाबा. धुवायचा माझा नवरा. मी मागच्या सीटवर बसायचे आणि उतरताना दार हळू लावायचे. कामांची वाटणी इतकी स्वच्छ असली की घरात शांतता नांदते.

नवऱ्याकडे लायसन्स आहे. ऑफिसची गाडी तो शहरभर फिरवतो. पण या गाडीची किल्ली काही त्याच्या हाती कधी लागली नाही. बाबांनी चाळीस वर्षं एका गॅरेजात गाड्यांना रंग मारला. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, हात थरथरणारी आणि न थरथरणारी. आपला मुलगा पहिल्या प्रकारातला आहे, हे त्यांनी तो नववीत असताना ठरवलं आणि त्यानंतर फेरविचाराला त्यांना सवड मिळाली नाही. मुलगा आता शेहेचाळीस वर्षांचा आहे. ऑफिसात बारा माणसं त्याच्या हाताखाली आहेत आणि ती त्याला घाबरतात, असं तो सांगतो. आम्ही त्यांना कधी विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका सोमवारी जेवताना बाबांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी किल्ली तुझ्याकडे. मी जशी ठेवली तशी देतोय, अंगावर एक ओरखडा नाही. तशीच घे, तशीच ठेव."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. असं अचानक का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मला सुचलं आणि मी विचारलंही. गाडी चालवायचा कंटाळा आला, असं बाबा म्हणाले. ज्या माणसाला रोज सकाळी गाडीवरून पाऊण तास हात फिरवायचा कंटाळा येत नाही, त्याला ती चालवायचा कंटाळा यावा, हे काही मला पटलं नाही. पण जेवण चांगलं झालं होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही.

मंगळवारी सुट्टी नव्हती, तरी नवरा पहाटे उठून गाडी धुवायला गेला. गाडीचा शाम्पू संपलेला. मग स्वारी स्वयंपाकघरात आली आणि भांड्यांचा साबण मागू लागली. तीन दिवसांचं तेलकट कढईवरून निघतं तर गाडीवरून धूळ का निघणार नाही, असं म्हणून मीच बाटली दिली. निघालं खरोखरच. धूळही निघाली आणि फेस वाहून गेल्यावर मागच्या डाव्या दरवाजावर वीतभर लांबीचा एक पांढरा ओरखडाही निघाला.

त्याने मला हाक मारली. मी गेले तेव्हा तो उलट्या बादलीवर बसला होता आणि आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे एखाद्या आरोपीकडे बघावं तसा बघत होता. घड्याळाचा पट्टा स्टीलचा. अठरा वर्षं नाही आणि नेमका आजच घासला गेला, असा त्याने निकाल दिला. गुन्हा, गुन्हेगार आणि शिक्षा हे सगळं त्याने साबण वाळायच्या आत ठरवलं होतं.

मी म्हटलं, गॅरेजात दे, रंग मारून देतील. तर ते गॅरेज बाबांचं. तिथे त्यांना अजून उस्ताद म्हणतात, गाडी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली असती. दुसरीकडे द्यावी तर दोन दिवस ठेवून घेणार, आणि बाबांचा हात तर रोज सकाळी नऊला बॉनेटवर पडायलाच हवा. म्हणून माझा नवरा ऑफिसातून येताना स्प्रे वॅक्सची, म्हणजे फवारून चमक आणायच्या मेणाची, एक बाटली घेऊन आला. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की थर चढवत जा, बारीकसारीक सगळं झाकलं जातं. हा बिचारा आयुष्यभर वडिलांशिवाय सगळ्यांवर विश्वास ठेवत आला आहे.

बाटलीवर जे लिहिलं होतं ते त्याने मला तीनदा वाचून दाखवलं. पत्रा थंड हवा. फवारा अगदी थोडा. एका फडक्याने पसरायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने चमक येईपर्यंत पुसायचं, आणि पुढच्या थराआधी बारा तास थांबायचं. आमच्या लग्नातले विधीसुद्धा त्याने इतक्या काळजीने केले नव्हते. मंगळवारी संध्याकाळी पहिला थर झाला. बुधवारी ऑफिसला जायच्या आधी दुसरा. ओरखडा होता तसाच होता, फक्त आता चकाकत होता. नऊच्या फेरीत बाबांनी तो पकडला नाही, याचं श्रेयही नवऱ्याने वॅक्सलाच दिलं.

पण बुधवारी संध्याकाळी चमत्कार झाला. नवरा गाडीच्या शेडमधून धावत आला आणि मला ओढत घेऊन गेला. ओरखडा जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्याचा आनंद गगनात मावेना. गुरुवारी सकाळी त्याने खुंटा हलवून बळकट करावा तसा तिसरा थर चढवला, पुसला, आणि ओरखडा पुन्हा दात दाखवत हजर. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. यानं त्यातून शास्त्र काढलं. वॅक्स मुरावं लागतं, तो म्हणाला, लावल्या लावल्या उघडं पडतं, दिवसभर मुरलं की भरतं. मी होकार दिला, कारण मला आठच्या तासाला शाळेत शिकवायला पोचायचं होतं.

त्याच दिवशी माझं डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारी लवकर घरी आले. शेडमध्ये त्याच उलट्या बादलीवर बाबा बसले होते. नाक दरवाजाला लागेल इतके वाकलेले. मांडीवर जुना पत्र्याचा डबा, डब्यात गडद निळं मेण. बोटाच्या टोकावर मेण घेऊन ते ओरखड्यात इतक्या हळुवारपणे भरत होते की मी तिथेच थांबले.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी चार पावलांवर उभी होते. माझ्या अंगात पिवळाजर्द कुडता होता.

"मी आहे, बाबा."

त्यांनी बोटाचं मेण डब्याच्या काठाला पुसलं. डब्याचं झाकण शोधत राहिले. झाकण त्यांच्या पायाशीच होतं. मी उचलून हातात दिलं तेव्हा कुठे बोलले.

"महिना झाला. गाडी बाहेर काढत होतो. फाटकाचा खांब दिसला नाही."

आमच्या फाटकाचा डावा खांब बाबांनी स्वतः रंगवलेला आहे. लाल आणि पांढरे पट्टे, कुणी आपटू नये म्हणून. पोस्टमनला तो रस्त्याच्या टोकावरून दिसतो.

मग बाकीचं हळूहळू सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. मधलं सगळं धूसर झालंय, कडेचं तेवढं दिसतं, आणि आता सुधारणार नाही. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलं आणि ओरखडा आपल्या हाताने भरून टाकला. चांगला बसला होता. या आठवड्यातच काय झालंय कळत नाही, म्हणाले, दुपारी भरावं तर दुसऱ्या दिवशी मेण उडालेलं असतं.

काय झालं होतं ते मला कळलं. आधी माझ्या साबणाने त्यांचं मेण काढलं, आणि आता रोज सकाळी मुलाचा स्प्रे उरलंसुरलं विरघळवत होता आणि फडकं ते पुसून नेत होतं. बाप भरत होता, मुलगा झाकत होता, आणि दोघं मिळून एकमेकांची मेहनत मातीत घालत होते.

"त्याला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "किल्ली मी दिली असं राहू दे. सोडावी लागली असं नको."

मी नाही सांगितलं. त्यांनी शब्द घेतला होता हे खरं, पण खोटं कशाला बोलू, मला थोडी मजाही येत होती. मी अठरा नाही तरी सतरा वर्षं त्या गाडीचं दार हळू लावलं होतं. शुक्रवारी चौथा थर झाला, शनिवारी सकाळी पाचवा. शनिवारी नवऱ्याला सुट्टी होती, म्हणून बारा तासांची वाट न बघता दुपारीच त्याने सहावा चढवला, आणि बाबा खिडकीत बसून आपला डबा घेऊन खाली कधी जाता येईल याची वाट बघत राहिले. त्यांना जाता आलं नाही. रविवारी सकाळी सातवा झाला, तेव्हा तो दरवाजा आरशासारखा होता आणि त्यात ओरखडा सगळ्यात ठळक दिसत होता.

नऊ वाजता तपासणी सुरू झाली. बाबांनी बॉनेटवरून तळहात फिरवला, टपावरून फिरवला, उजवी बाजू संपवून डावीकडे आले. मागच्या दरवाजावर हात टेकला आणि सात थरांवरून घसरून थेट ओरखड्यावर जाऊन थांबला. नवऱ्याची पाचावर धारण बसली होती.

"बाबा, तो माझ्याकडून झाला," तो म्हणाला. "मंगळवारी. धुताना घड्याळ लागलं."

मी बाबांकडे बघितलं. आता ते सांगतील, मला खात्री होती. सांगायला दोन शब्द पुरले असते. बाबांनी घसा खाकरला.

"असू दे," ते म्हणाले. "माणसाकडून होतं कधीतरी."

आणि मोठ्या मनाने त्यांनी मुलाला स्वतःच्या चुकीची माफी देऊन टाकली. मला इतका राग आला की मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहिले, कारण उघडलं असतं तर आवरलं नसतं. आणि नवरा? त्याचे डोळे भरून आले होते. शेहेचाळीस वर्षांत हे वाक्य त्याने बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकायला मिळणार असतं तर त्याने ओरखडा आधीच पाडून घेतला असता. बाबांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटली.

एक फेरी मारून येऊ, असं ठरलं. बाबा सवयीने गेले ते चालकाच्या दाराशीच. दार उघडलं, क्षणभर उभे राहिले, पुन्हा लावलं. मग बॉनेटवर हात टेकत टेकत, समोरून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. नवरा सीट पुढेमागे करण्यात गुंतला होता, त्याने ते बघितलं नाही. मी बघितलं. माझा राग तिथेच अर्धा झाला. उरलेल्या अर्ध्या रागाने मी मागचं दार आपटलं.

गाडी मागे घेत तो फाटकापर्यंत आला. मानेवर घाम, ओठ घट्ट मिटलेले. बाबा समोर बघत बसले होते, म्हणजे बघत असल्यासारखे बसले होते.

"डाव्या हाताला खांब आहे," ते म्हणाले.

नवऱ्याने ब्रेक लावला.

"मला दिसला नव्हता," बाबा म्हणाले. "गेल्या महिन्यात."

इंजिन चालू होतं. नवऱ्याने बाजूच्या आरशात पाहिलं, मग बाबांच्या बाजूची काच खाली करून, मान वळवून खांबाकडे पाहिलं. एका पांढऱ्या पट्ट्यावर, दरवाजाच्या उंचीला, निळ्या रंगाची एक रेघ उमटलेली होती. ती महिनाभर तिथे होती आणि आम्ही दोघं रोज तिच्यावरून जात होतो. आता हा काय बोलणार, म्हणून मी पुढची सीट धरून वाकले. मनगटावरचं घड्याळ, सात थर, अख्खा आठवडा आणि त्या आधीची सगळी वर्षं, बोलायला त्याच्याकडे पुष्कळ होतं आणि त्यातलं काहीही चुकीचं ठरलं नसतं.

"मला दिसतोय, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही निवांत बसा."

त्याने ब्रेक सोडला आणि खांबापासून हातभर अंतर ठेवून गाडी एका वळणात रस्त्यावर आणली. स्टिअरिंगवरचा त्याचा हात जरासुद्धा थरथरला नाही. बाबांना ते दिसलं नसणार, म्हणून मी मागून सांगून टाकलं.