सगळ्यांचा ओटीपी काकूंकडे

आमच्या प्रयोगशाळेत माती आणि पाणी तपासतात. माणसं तपासायची सोय नाही, ते एका अर्थी बरंच आहे. तपासणीचे अहवाल गिऱ्हाइकांना पाठवण्यासाठी एक फाइल सर्व्हर आहे आणि तो सांभाळणं हे माझं काम. सर्व्हरचा पासवर्ड वेगळा, ईमेलचा वेगळा, हजेरीचा वेगळा. म्हणून सगळ्यांनी आपापले पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेले होते. हिशेबनीसांनी सुरक्षिततेचा विचार करून आपली चिठ्ठी उलटी चिकटवली होती.

मग साहेब एका परिषदेला जाऊन आले आणि तिथून ‘सिंगल साइन-ऑन’ हा शब्द घेऊन आले. सकाळी ऑफिसच्या खात्यात एकदा लॉगिन करायचं, की पुढची सगळी दारं आपोआप उघडतात. सर्व्हरने स्वतः पासवर्ड विचारायचा नाही. ऑफिसच्या खात्याने ‘हा आपलाच’ म्हटलं की मुकाट्याने आत घ्यायचं. कल्पना खरोखर चांगली होती. साहेबांना कळली होती तेवढी तर फारच चांगली होती.

मी सर्व्हरची आणि खात्याची ओळख करून दिली. दोघांनी एकमेकांची प्रमाणपत्रं पाहिली आणि त्यांचं कुरबुर न करता जमलं. अडचण पुढे होती. दार एकच, म्हणून कुलूप पक्कं हवं: पासवर्डनंतर मोबाइलवर ओटीपी येणार. त्यासाठी प्रत्येकाने आपला नंबर एकदा नोंदवायचा.

“माझा नंबर?” रसायनतज्ज्ञ बाई म्हणाल्या. मी बहुधा मूत्रपिंड मागितलं होतं.

“आज नंबर मागतायत, उद्या रविवारी फोन करतील,” हिशेबनीस म्हणाले.

साहेबांनी तत्त्वाची बाजू घेतली. खासगी फोन ऑफिसच्या कामाला वापरायचा नाही, असा नियमच त्यांनी ईमेलने काढला. खाली लिहिलं, ‘सर्वांनी ऑफिसचा फोन नंबर नोंदवावा.’

ऑफिसचा फोन म्हणजे स्वागतकक्षातल्या काकूंचा फोन. तो त्यांनी स्वतः विकत घेतला आहे आणि बिलही त्याच भरतात. पण तो नंबर आमच्या पाटीवर आहे, पाकिटांवर आहे, आणि रात्री जेवताना काकू तोच कानाला लावून गिऱ्हाइकांना मातीचे निकाल सांगतात. मी ही गोष्ट साहेबांच्या कानावर घातली.

“तो तपशील झाला, मॅडम,” साहेब म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी सगळं ऑफिस काकूंच्या टेबलाभोवती जमू लागलं.

“काकू, माझा आला का?”

“एक आलाय. तुझा की साहेबांचा, ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं रे बाबा!”

“वाचा तरी!”

“वाचते, पण एकेकाने मागा. काल तुम्ही दोघांनी एकदम मागितलात आणि दोघंही बाहेर राहिलात.”

आधुनिकीकरण सुरळीत चाललं आहे, असं साहेबांनी वरच्यांना कळवलं.

काकूंची लेक दुसऱ्या शहरात पीएचडी करत होती. गुरुवारी दुपारी तिची तोंडी परीक्षा होती. घरच्यांना सभागृहात बसायची मुभा होती, आणि घरचं म्हणावं असं तिला काकूंशिवाय कोणी नव्हतं. काकूंनी रजेचा अर्ज बऱ्याच आधी दिला होता. बुधवारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सर्व्हरच्या कामासाठी मी तिथेच होते.

“गुरुवारी बाटलीबंद पाणीवाल्यांचा अहवाल जायचाय, काकू. तुम्ही नसलात तर लॉगिन कसं करणार आम्ही?”

“मी प्रवासात असताना फोनवरून सांगेन की.”

“आणि दुपारी?”

“दुपारी सभागृहात फोन बंद ठेवायला लावतात.”

“मग फोन इथे ठेवून जा. ऑफिसचाच तर आहे.”

काकूंनी हातातला फोन पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, “साहेब, त्या शहरात मी कधी गेलेली नाही. लेक मला घ्यायला येणार, ती फोन कुठे करणार? पाटीवर?”

“तिला सांगा, परीक्षा काय, पुन्हा देता येईल.”

“पास झाली तर कशाला देईल?”

“बघू उद्या,” साहेब म्हणाले. आमच्याकडे ‘नाही’ म्हणायची हीच पद्धत आहे.

बाहेर आल्यावर काकूंनी डोळे पुसले नाहीत. स्टेपलरमध्ये पिना भरल्या, गच्च भरल्या.

“काकू, उद्या बॅग घेऊनच या,” मी म्हटलं.

“कशाला गं? टेबलाखाली ठेवायला?”

“अकराची बस आहे ना? घेऊन या.”

नियमाविरुद्ध झालेल्या नोंदी पुसणं माझ्या कामात बसतं. घरी जाण्याआधी मी काकूंचं खातं सोडून बाकी सगळ्यांचे नंबर पुसले आणि एक नंबर एकाच खात्याला चालेल, एवढी सेटिंगमध्ये खूण करून ठेवली.

गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर एक रिकामी चौकट आली: मोबाइल नंबर लिहा. लोकांनी सवयीने काकूंचा लिहिला. ‘हा नंबर दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे,’ असं उत्तर आलं.

साहेब केबिनमधून बाहेर आले. “मॅडम, हा काय प्रकार?”

“तुमचा नियम लावलाय, साहेब. खासगी फोन ऑफिसच्या कामाला वापरायचा नाही. काकूंचा फोन खासगी निघाला. बिल त्यांच्या नावावर येतं.”

“पण पाणीवाल्यांचा अहवाल!”

“नंबर लिहिलात की लगेच जाईल.”

साहेब चौकटीकडे बघत राहिले. तत्त्व मोठं होतं, पण पाणीवाले त्याहून मोठे. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला आणि बायकोचा नंबर लिहिला. मग घरी फोन लावला.

“अगं, तुला आत्ता एक नंबर आलाय, तो वाच.”

“कुठे आलाय?” आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. “थांबा, चष्मा बघते. कसला नंबर? कोणाचा?”

“माझा!”

“तुमचा नंबर मला कशाला यायला हवा? काय चाललंय तुमचं तिकडे?”

तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. हिशेबनीसांनी तोवर सासूबाईंचा नंबर दिला होता. त्यांना नाहीतरी कोणी फोन करत नाही, म्हणाले. रसायनतज्ज्ञ बाईंनी स्क्रीन हाताने झाकून स्वतःचाच लिहिला.

तिसऱ्या खेपेला साहेबांचं लॉगिन झालं. अहवाल गेला. घाम पुसत ते मागे वळले, तर काकू टेबलाशी हात बांधून बसलेल्या. सकाळपासून त्यांच्या फोनवर एकही ओटीपी आला नव्हता.

“तुम्ही काय करताय इथे?” साहेब खेकसले. “काही काम नसेल तर जा ना!”

गेल्या कित्येक वर्षांत काकूंची रजा इतक्या प्रेमाने कोणी मंजूर केली नव्हती. त्यांनी टेबलाखालून बॅग ओढली, पदर खोचला आणि दाराकडे निघाल्या. दहा चाळीस झाले होते. दारातच त्यांचा फोन वाजला. बाटलीबंद पाणीवाले होते.

काकूंनी नंबर पाहिला, साहेबांकडे पाहिलं आणि फोन उचलला.

“हो, मीच. अहवाल ना? साहेबांच्या मिसेसना विचारा. आता सगळं त्यांच्याकडे असतं.”

आणि त्यांनी साहेबांच्या घरचा नंबर अगदी सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगितला.