लावून दिलेली दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. वेळ असेल तर बसा, कारण मला घाईने बोलता येत नाही. माझं सगळं आयुष्य थांबण्यात गेलं. पक्षी फांदीवर येईपर्यंत थांबायचं, धुकं सरेपर्यंत थांबायचं, धरणाऱ्याचा हात स्थिर होईपर्यंत थांबायचं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक बाकावर झाला. भिंगं बसवणारी एक बाई होती. तिने माझ्यावर हळूच फुंकर घातली, मी धूसर झाले, आणि मग मऊ फडक्याने तिने मला लख्ख पुसलं. पहिल्यांदा दिसलं ते तिच्या कानातलं मोत्याएवढं डूल. नंतर मला खोक्यात घातलं आणि बराच काळ अंधार.

खोकं उघडलं ते एका बस डेपोत. अपघात न करता गाडी चालवली म्हणून एका ड्रायव्हरचा सत्कार होता. त्याला विचारलं, भिंतीवरचं घड्याळ हवं की दुर्बीण? तो म्हणाला, "घड्याळं घरात दोन आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. तिसरं नेऊन भांडण कशाला वाढवू?" सगळे हसले आणि मी त्याच्या गळ्यात पडले.

त्याच्या बसचा शेवटचा थांबा तळ्याकाठी होता. गाडी परत फिरवायच्या आधी थोडा वेळ मिळायचा. बाकीचे ड्रायव्हर डुलकी काढायचे, हा मला डोळ्यांना लावायचा. आधी बगळे, मग खंड्या, मग बारीकसारीक पाखरं. बघता बघता माणसाला वेडच लागलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या मधोमध एक चाक आहे. ते फिरवलं की लांबचं-जवळचं स्पष्ट होतं. आणि उजव्या डोळ्यापाशी एक छोटं कडं आहे. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात, म्हणून उजव्या डोळ्यापुरतं ते कडं ज्याचं त्याने फिरवून घ्यायचं असतं. आमच्या ड्रायव्हरने ते आपल्या डोळ्याला बरोबर जमवलं. पण गाडीच्या हादऱ्यांनी ते सरकायचं. मग एके दिवशी त्याने डेपोतून आरसे चिकटवायचा डिंक आणला आणि कड्याच्या फटीत एक थेंब सोडला. "आता हल म्हणावं," तो म्हणाला. मी कशी हलणार? त्या दिवसापासून मी फक्त त्याच्या डोळ्यांची झाले.

त्याची बायको शिवण शिकवायची. सुईत दोरा ती बघता बघता ओवायची, पण लांबचं बघायला तिला जाड चष्मा लागे, आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा. सुट्टीच्या दिवशी तो तिला तळ्यावर न्यायचा. पक्षी दिसला की आधी स्वतः बघायचा, चाक फिरवून चित्र अगदी स्वच्छ करायचा आणि वाढलेलं ताट पुढे करावं तसा मला तिच्या हातात द्यायचा.

"चाकाला हात लावू नकोस हं. मी सगळं लावून दिलंय. नुसतं बघ."

ती चष्मा काढून गळ्यात सोडायची आणि माझ्यातून बघायची. तिच्या डोळ्यांना काय दिसायचं ते मला ठाऊक होतं. हिरवा चिखल, त्यात एखादा पांढरा डाग.

"दिसला ना?" तो विचारायचा. लहान मुलासारखा चेहरा करून.

"दिसला हो. किती गोड!"

वर्षं गेली. तो निवृत्त झाला, तिचे शिवणवर्ग थांबले, माझ्या अंगावरचं रबर जागोजागी निघालं. तिने माझ्यासाठी जाड कापडाचा नवा पट्टा शिवला, दुहेरी टिपेचा. पण माझ्यातून तिने एकही पक्षी कधी पाहिला नव्हता. हे तिला माहीत होतं आणि मला. त्याला नाही. मला तोंड असतं तर मी कधीच बोलून टाकलं असतं.

मग ती डोंगरातली सहल आली. उंचावरचं जंगल. तिथे ढग आभाळात राहत नाहीत, झाडांच्या बुंध्यांमधून गुरांसारखे सावकाश चालत जातात. खोडांवर शेवाळाच्या गाद्या, फांद्यांना लोंबणाऱ्या हिरव्या दाढ्या, आणि पाऊस नसतानाही सारखं टपटप. लाकडी खोल्यांत वाळत घातलेले मोजे संध्याकाळी जेवढे ओले, तेवढेच सकाळी ओले.

आमच्या गटात माणसं थोडीच. वाट दाखवणारी एक तरतरीत मुलगी, तिला सगळे गाईडताई म्हणत. एक दंतवैद्य, गळ्यात भला मोठा कॅमेरा. आणि पिवळे रेनकोट घातलेल्या दोघी बहिणी, ज्यांचं एकमेकींना टोमणे मारणं चालताना थांबत नसे. आमची दोघं काका-काकू.

गाईडताईचा एक नियम होता. पक्षी दिसला की ती प्रत्येकाला विचारायची, "दिसला?" एकाने जरी नाही म्हटलं तरी तो पक्षी गटाने पाहिला असं धरायचं नाही. सगळ्यांनी तिथेच थांबायचं, नाहीतर पुन्हा शोधायचा. "मागे राहिलेल्याला सोडून पुढे जायचं नाही," ती म्हणायची. त्यामुळे काकूंना दिवसभर "दिसला, दिसला" म्हणावं लागे. प्रत्येक वेळी त्यांचा हात माझ्यावर जरा घट्ट व्हायचा.

सगळ्यांना हवा होता कर्णा. हा पक्षी मोठा गमतीचा. नर फार देखणा, पोट लालभडक, छातीवर पांढरा पट्टा. पण इतका गप्प बसतो की समोर असून दिसत नाही. मादीही तशीच, फक्त तिचं पोट बदामी. काकांनी काकूंना सांगून ठेवलं होतं, "तुला कर्णा दाखवल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

दुसऱ्या सकाळी एका वळणावर गाईडताईने हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले. ढग थोडा फाटला होता. काकांनी मला उचललं आणि माझ्यात तो आला. आडव्या फांदीवर, पाठ ताठ, पोट आमच्याकडे.

"अगं, आहे! नर आहे! डाळिंबासारखं लाल पोट!" ते कुजबुजले. त्यांनी चाक हलकेच फिरवून चित्र स्वच्छ केलं. "घे, लवकर घे. लावून दिलंय."

पट्टा काकूंच्या रेनकोटच्या बटणात अडकला. तो सोडवताना ढगाचा पांढरा पडदा पुन्हा ओढला गेला. तो सरकला तेव्हा मी काकूंच्या डोळ्यांना होते. आणि मला दिसलं, नर उडून गेला होता. त्याच फांदीवर, जवळजवळ त्याच जागी, मादी येऊन बसली होती. मला ओरडावंसं वाटलं.

"काकू, दिसला?" गाईडताईने विचारलं.

"दिसला की! अगदी डाळिंबासारखं लाल पोट!"

सगळ्यांनी पुन्हा फांदीकडे पाहिलं. धाकटी बहीण भाबडेपणाने म्हणाली, "लाल कुठं काकू? ही मादी आहे. बदामी."

"तुला कुणी विचारलं गं?" थोरलीने तिला कोपराने ढोसलं. पण शब्द सुटला होता.

काकूंनी मला खाली घेतलं. काकांनी त्यांच्या हातातून मला घेतलं, बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिले. मादी उडाली तरी ते त्या रिकाम्या फांदीकडे बघत होते. बाकीची मंडळी शहाणी. दंतवैद्याला एकदम शेवाळाचे फोटो काढायचे सुचले. बहिणी नेच्याचं पान न्याहाळू लागल्या, जणू आयुष्यात पान पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"पहिल्यापासून," काकू म्हणाल्या.

"तळ्यावर? तो खंड्या? आपल्या खिडकीतली पाखरं?"

"सगळं गिचमिड दिसायचं."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं मला येडं बनवलंस?"

"अहो, येडं कशाला बनवू? तुम्ही इतक्या हौसेनं पुढं करायचात. एकदा म्हटलं होतं मी, धूसर आहे म्हणून. तुम्ही चार दिवस तोंड पाडून बसलात आणि दुर्बीण कपाटात टाकलीत. म्हटलं, नको बाई. आणि तुम्ही सांगता इतकं छान, की बघायची गरजच पडत नव्हती."

काका ओल्या ओंडक्यावर बसले. त्यांचा चेहरा मी असा निरखून कधी पाहिला नव्हता, मी नेहमी त्यांच्या डोळ्यांपुढे असे, डोळ्यांकडे बघत नसे. ते म्हणाले, "दुसऱ्याची गाडी हातात आली की मी आधी आरसा फिरवून घ्यायचो. ज्याचा त्याचा आरसा. आणि तुला मात्र..."

मग त्यांनी नखाने कड्यातला डिंक उकरायला सुरुवात केली. डिंक दगड झाला होता. नख तुटलं.

"काका, आणा इकडं," दंतवैद्य शेवाळ सोडून पुढे आला. त्याच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत दातांवरचं किटण काढायची एक बारीक आकडी होती. कॅमेऱ्याच्या फटी साफ करायला बाळगायचा म्हणे. त्याने मला मांडीवर घेतलं. "हं, घाबरू नका. दुखलं तर डावा हात वर करा."

"तिला हात नाहीत," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच शहाण्यासारखी बसलीये. तुम्ही मागच्या वेळी माझ्या दवाखान्यात मला चावला होतात."

मला खरंच भीती वाटली. म्हाताऱ्या अंगात लोखंड फिरत होतं, कडं फुटलं असतं तर मी कुणाच्याच कामाची राहिले नसते. काकूंनी दोनदा म्हटलं, "राहू द्या हो, मोडेल." काका म्हणाले, "मोडली तर मोडली. खरवडा." मग कट्ट झालं. कडं हललं.

गाईडताईने काकूंना समजावलं. आधी उजवं भिंग झाकायचं, चाक फिरवून डाव्या डोळ्याचं जमवायचं. मग डावं झाकायचं आणि कडं फिरवायचं. काकांचे हात सवयीने पुढे आले. त्यांनीच ते मागे घेतले आणि पाठीमागे एकात एक अडकवून ठेवले.

काकूंची बोटं शिवणाऱ्याची. धागा ताणावा तसं कडं त्यांनी हळूहळू फिरवलं. आणि एका जागी, काय सांगू, मला वाटलं माझा पुन्हा जन्म झाला. समोरच्या खोडावरच्या शेवाळाच्या केसाकेसाला लटकलेला थेंब त्यांना दिसला. तेवढ्यात त्या शेवाळात एक चिमुकलं हिरवट पाखरू आलं. हा चष्मेवाला. तो कुठेही दिसतो, त्यांच्या खिडकीबाहेरही रोज यायचा, त्याच्यासाठी कुणी दुर्बीण उचलत नाही.

"अहो!" काकू ओरडल्या. "ह्याच्या डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ आहे! खरंच चष्मा घातलाय हो ह्याने!"

"मी तुला शंभरदा सांगितलं होतं," काका म्हणाले.

"सांगितलं होतंत. पण आहे की!"

मी त्यांच्या डोळ्यांना चिकटून होते. माझ्या कडेला काहीतरी ओलं लागलं, ते धुकं नव्हतं.

ढग पुन्हा दाटला. गाईडताईने शिस्तीप्रमाणे विचारत फेरी केली. "कर्णा, नर. दिसला?" बहिणी म्हणाल्या, दिसला. दंतवैद्य म्हणाला, फोटोही आहे. मग ती काकूंपाशी आली.

काकूंनी काकांकडे पाहिलं. मग स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "नाही. मला नाही दिसला."

"झालं! म्हणजे पुन्हा शोधणं आलं," धाकटी म्हणाली, आणि लगेच खाली बसून बुटाची नाडी घट्ट बांधू लागली. बायकोचा चष्मा दोरीला लोंबत होता, त्याच्यावरचं धुकं काका आपल्या सदऱ्याने पुसत राहिले.

कर्णा त्या सहलीत पुन्हा दिसला नाही. पुढच्या वर्षी जायचं ठरलंय. तोवर मी खिडकीपाशी खुंटीला आहे. एका भिंगात बुरशीचा धागा शिरलाय, चाक कुरकुरतं, आणि कडं आता दिवसातून कितीदा इकडून तिकडे फिरतं. "तुम्ही माझं हलवलंत," "मग आता माझी पाळी होती की नव्हती?" असं दोघांचं सकाळपासून चालू असतं. मी मजेत आहे.

फार दिवस राहीन असं नाही. म्हणून जाता जाता एवढंच मागते. माझ्यासारखी एखादी कुणाच्या हातात द्याल, तेव्हा लावून देऊ नका. नुसती द्या. आणि त्या माणसाची बोटं चुकत चुकत कडं फिरवत असतील, तेवढा वेळ शेजारी उभे राहा.