उलटी फणी

महेश देवाला घाबरणारा माणूस होता. बायकोवर हात उचलताना देव आड येत नव्हता, एवढंच. म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात संजनाने देवाला आड आणलं.

सातपूरच्या त्या दोन खोल्यांत आतून कडी लागेल अशी जागा एकच, न्हाणीघर. नळ सोडून ती तिथे बसायची, केसांची एकेक बट धरायची, फणी टोकाकडून मुळाकडे उलटी मारायची आणि वर वडाचा चीक चोळायची. माहेरच्या गावात एका बाईला जट आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने दारू सोडली नव्हती, पण मारणं सोडलं होतं. संजनाची मागणी तेवढीच होती.

जट पहिल्यांदा दिसली सासूला. यशोदाबाईंनी ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि शांतपणे हळद-कुंकू आणायला गेल्या. "गडावरची देवी आली," त्यांनी जाहीर केलं. महेशने त्या दिवसापासून बायकोला हात लावला नाही, कुठल्याच अर्थाने. मंगळवारी आणि शुक्रवारी तर तो तिला अहोजाहो करायचा. गल्लीतल्या बायका ओटी भरायला यायच्या. संजनाची मान रात्रंदिवस दुखायची, उशीवर डोकं टेकवत नसे. पण मान दुखणं आणि मार खाणं यात काय बरं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि धाकट्या दिराला कला सुचली. बंटी गिटार वाजवायचा. वायनरीतल्या कुठल्याशा कार्यक्रमात त्याला वाजवायला मिळणार होतं, आणि नुसत्या वाजवण्यावर भागणार नाही म्हणून त्याला ड्रेडलॉक्स हवे होते. कॉलेज रोडच्या सलूनमध्ये तृप्ती नावाची मुलगी ते करून देते, म्हणून तो चौकशी करून आला.

"ती म्हणते, नॅचरल हवे तर विंचरणं सोडायचं आणि दोनेक वर्षं वाट बघायची," तो जेवताना सांगत होता. "नाहीतर बॅककोम्बिंग. म्हणजे उलटी फणी मारून एका दिवसात. पण ते फेक असतं वहिनी, मला ते नको. मी सांगितलं तिला, आमच्या घराण्यात एका श्रावणात नॅचरल येतात. ती म्हणाली, दाखवा."

वहिनी घराण्यात लग्न करून आली आहे, तिच्या केसांचा आणि आपल्या केसांचा रक्ताचा संबंध नाही, हे बंटीच्या लक्षात आलं नाही. तो बी.एस्सी. होता.

संजनाने मान दुखते म्हणून पाहिलं. "बस ना वहिनी, पाच मिनिटांचं काम," बंटी म्हणाला. महेशने मान वर केली. "जाऊन या की. देवीला काय लपवायचंय?" त्यावर नाही म्हणणं म्हणजे लपवायचंय म्हणण्यासारखंच. शेवटी यशोदाबाई म्हणाल्या, "देवी एकटी नाय जायची. मी येते."

सलूनमध्ये गार हवा होती आणि सगळीकडे आरसे. तृप्तीने हात पुढे केला तशा यशोदाबाई म्हणाल्या, "आधी हात धू." तृप्तीने धुतले. मग तिने जटांची मुळं एकेक करून उलगडून पाहिली. आरशात संजनाला स्वतःचा चेहरा दिसत होता. तो तिने ओळख नसल्यासारखा पाहिला.

"कुणी केलंय?" तृप्तीने विचारलं. "फिनिशिंग मस्त आहे."

"केलंय म्हणजे?" बंटी.

"नॅचरल केस कसेही गुंततात हो, चपटे, वेडेवाकडे, शेजारच्याला चिकटलेले. इथे चौकोनी भाग पाडलेत. केस मुळाकडे दुमडलेत. हे बॅककोम्बिंग आहे."

बंटी आधी वहिनीकडे बघत राहिला, मग हसायला लागला. "वहिनी, तू तर प्रो निघालीस. दादाला सांगतोच आज."



"का गं पोरी," यशोदाबाई तृप्तीला म्हणाल्या, "देवीनं एवढी सृष्टी केली, तिला चार चौकोन पाडता येईनात होय?"

तृप्तीने याचं शिक्षण घेतलं नव्हतं.

"आणि तू रे. दोन वर्षं थांबणार हायेस?"

"कार्यक्रम रविवारी आहे," बंटी म्हणाला.

"मग बस खुर्चीवर, मार म्हणावं उलटी फणी. दोस्तांना काय सांगशील?"

बंटीने जरा विचार केला. "नॅचरल आहेत म्हणून."

"सांग. आम्ही पण तेच सांगू. तू तोंड उघडलंस की मी उघडीन."

बंटी खुर्चीवर बसला. अशा रीतीने घराण्यात ते नॅचरल आलं.

घरी येऊन संजना चहा टाकायला निघाली, तर यशोदाबाईंनी तिला न्हाणीघरात नेलं आणि आतून कडी लावली. नळ सोडला.

"मागच्या दोन सुटायला आल्यात. तुझा हात पोचत नाय तिथं. खाली बस."

संजना पाटावर बसली. मागून फणी मुळाकडे यायला लागली, सराईत हाताने.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, आई?"

"पहिल्या दिवशी. चिकाचा वास येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? माझं बी एकदा मनात आलं होतं, तुझ्यासारखंच. फणीसुद्धा घेतली होती हातात." फणी क्षणभर थांबली. "पण तुझ्या सासऱ्याला देवाची भीती नव्हती."

नळाचं पाणी बादलीतून वाहून चाललं होतं. संजनाने मान चोळली. "मग हे कापायचं कधी?"

"तुला त्याची भीती हाय तवर नाय."

बाहेर महेशची चप्पल वाजली. तो दाराशी थांबला, खाकरला. मंगळवार होता. "चहा मिळेल का, तुमचं आटोपलं की?"

"मान खाली घे," सासू हळूच म्हणाली आणि फणी पुन्हा उलटी फिरवली.