चेबोची चार मिनिटं

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला मार असूल फुटबॉल क्लब तीन-शून्यने पुढे होता आणि तेला गावाचं अख्खं मैदान एकच नाव ओरडत होतं. चेबो! चेबो! अडतीस वर्षांचा चेबो नोरालेस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, वर्षभर बाहेर बसलेला, रेषेपाशी उभा राहून मोजे वर ओढत होता. हा त्याचा शेवटचा सामना, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

बदलाची चिठ्ठी ओंदिनाबाईंनी लिहिली. क्लबचा कागद म्हणजे ओंदिनाबाई, हे बावीस वर्षांचं ठरलेलं. शाळेतून निवृत्त झाल्या, पण खेळाडूंची नोंदणी, पासपोर्ट, याद्या, सगळं अजून त्यांच्याच हातचं. पगार नाही, मान मात्र भरपूर. अध्यक्षापासून गोलकीपरपर्यंत सगळे त्यांना 'बाई'च म्हणत, कारण निम्म्यांचा कान त्यांनी वर्गात पिळलेला होता. चेबोचा तर दोन्ही.

"काय बाई, रडताय का?" चेबोने विचारलं.

"घाम आहे तो. जा, पळ आता. आणि पाय जपून टाक, गाढवा."

शेजारच्या खुर्चीत पाहुण्यांचा प्रतिनिधी बसला होता. कोस्टारिकाच्या विजेत्या क्लबचा तरुण वकील, या उकाड्यातही कोट घातलेला. त्याने चिठ्ठीवरचं नाव पाहिलं, मांडीवरच्या टॅबलेटवर बोट फिरवलं आणि हसला. तीन गोल खाल्लेला माणूस हसत नाही. बाईंना ते खटकलं, पण तेवढ्यात चेबो आत शिरला आणि त्या कल्लोळात कोण कशाला हसतंय याचा विचार करणार कोण!

चार मिनिटं खेळला तो. एकदा डोक्याने चेंडू लांब मारला, एकदा गोलकीपरकडे परत ढकलला. दोनच स्पर्श. मग शिट्टी झाली आणि देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या त्या स्पर्धेत तेलाचा क्लब पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला. कोस्टारिकात एका गोलने हरून आलेल्या पोरांनी इथे हिशेब चुकता केला होता. मैदानाला दिव्यांचे खांब नाहीत म्हणून सामना दुपारी तीनला ठेवलेला; उजेड असेतो लोक समुद्रावर नाचले. चेबोला खांद्यावर घेऊन पाण्यात बुचकळलं.

बाई नाचायला गेल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. ते हसणं डोक्यातून जात नव्हतं.

चेबोला मागच्या वर्षी याच स्पर्धेत लाल कार्ड मिळालं होतं. रेफ्रीच्या आईचा उद्धार केला होता त्याने. तीन सामन्यांची बंदी. यंदा पहिल्या फेरीत बेलीझशी दोन सामने झाले, दुसऱ्या फेरीत कोस्टारिकात एक. दोन आणि एक तीन. पहिलीतल्या पोराला जमेल अशी बेरीज. म्हणूनच बाईंनी पुन्हा तपासली नव्हती.

पण पहिल्या फेरीच्या यादीत त्यांनी चेबोचं नावच घातलं नव्हतं. गुडघा सुजलेला, वर बंदी. खेळणार नाही त्याचं नाव कशाला, म्हणून ती जागा एका जादा गोलकीपरला दिली. घरच्या लीगमध्ये हे नेहमीचंच होतं. तिथे बंदी माणसाच्या मागे जाते. तो यादीत असो, नाहीतर मामाच्या गावाला. या स्पर्धेत तसं नव्हतं. पुस्तकात बारीक टायपात लिहिलं होतं: खेळाडूचं नाव ज्या सामन्याच्या यादीत असेल, तोच सामना बंदीत धरला जाईल. म्हणजे बेलीझचे दोन्ही सामने बाद. दुसऱ्या फेरीच्या यादीत नाव होतं, म्हणून तीनपैकी कोस्टारिकातला एकच चेबोने भोगला होता.

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. त्या खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा वाचलं. नियम काही बदलला नाही.

सकाळी त्या अध्यक्ष आरिस्तिदेसच्या लाकडाच्या वखारीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला, हातातला रंधा खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"कुणाला कळलंय?"

"त्या कोटवाल्याला."

"मग संपलं," तो म्हणाला.

मंगळवारी निकाल आला. अपात्र खेळाडू उतरवला म्हणून सामना कोस्टारिकाला बहाल, तीन-शून्य. हातातोंडाशी आलेला घास गेला. दुपारपर्यंत क्लबच्या दारात टायर जळत होते, आणि संध्याकाळी रेडिओवर आरिस्तिदेस रडवेल्या आवाजात सांगत होता: खेळाडूने आम्हाला सांगितलं बंदी संपली, आम्ही विश्वास ठेवला, आमचा घात झाला.

बाई तडक त्याच्याकडे गेल्या. "हे काय बरळलास तू? चूक माझी आहे."

"ओरडू नका बाई, बसा." त्याने चेबोच्या नावाने टाइप केलेला कबुलीचा कागद पुढे सरकवला. "तुमची चूक म्हणजे क्लबची चूक. स्पर्धेच्या समितीतल्या माणसाशी बोललोय मी. क्लबने निष्काळजीपणा केला असं ठरलं तर दोन वर्षं बंदी. खेळाडूने लपवलं असं ठरलं तर शिक्षा फक्त त्याला. पाच वर्षं खेळायचं नाही. आता चेबोला कुठे खेळायचंय?"

"आणि त्याची अब्रू?"

"लोक विसरतात हो."

"तेला विसरतं? अठ्ठ्याहत्तर साली पेनल्टी हुकवलेल्याच्या नातवाला अजून चिडवतात इथे!"

आरिस्तिदेसने पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "ठीक आहे. तुमचं नाव घालून लिहितो. उद्या बाजारात जाल तेव्हा जरा जपून. चेबोची खिडकी फुटली आज."

आयुष्यभर ज्या बाईला रस्त्यात लोकांनी थांबून नमस्कार केला, तिला त्या क्षणी स्वतःच्या खिडक्या दिसल्या. हे त्यांना स्वतःबद्दल कळलं आणि स्वतःचीच किळस आली. तरीही कागद त्यांनी पर्समध्ये ठेवला. आधी चेबोला खरं सांगायचं, मग कागद दाखवायचा आणि त्यालाच ठरवू द्यायचं, असं त्यांनी बसमध्ये मनाशी पक्कं केलं. मनाशी पक्कं करायला काय जातं?

चेबोचं घर शेजारच्या त्रिउन्फो गावात, समुद्राला लागून. भिंतीवर काळ्या रंगात कुणीतरी लिहिलं होतं: 'चार मिनिटांत गाव विकलंस.' त्याची बायको दामियाना अंगणात कसावाच्या कंदाची भाकरी भाजत होती. तिने मान वर केली नाही, नुसतं किनाऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे चेबो आपली मासेमारीची होडी पालथी घालून बसला होता. होडीच्या तळाला कुणीतरी पहारीने भोक पाडलं होतं.

"बाई! एवढ्या उन्हात? निरोप धाडायचा, मी आलो असतो."

"तू कसा येणार होतास गावात?"

"हो, तेही खरंच." तो हसला आणि त्यांना बसायला खोकं पुसून दिलं. "हे बघा ना. एवढं मोठं भोक पाडायला मेहनत लागते. मैदानात एवढी मेहनत घेतली असती पोरांनी तर आठ गोल झाले असते."

"चेबो, ऐक. मला तुला—"

"तुम्ही नका बोलू, बाई. मीच बोलतो. चूक माझी आहे. त्या रेफ्रीला शिवी घातली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. आई म्हणायची, तुझी जीभ तुला खाणार. खाल्लं." त्याने फटीत कापसाचा बोळा कोंबला. "रेडिओवर म्हणाले, मीच तुम्हाला सांगितलं की बंदी संपली. मला आठवत नाही हो. पण सांगितलं असणार. नाहीतर तुम्ही कशा चुकाल? तुम्ही कधी चुकला नाहीत."

बाईंनी तोंड उघडलं. एकच वाक्य होतं. मी तुझं नाव यादीत घातलं नव्हतं. घशाशी आलं होतं ते, दातांना लागलं होतं. मागे दामियानाच्या तव्यावर भाकरी करपल्याचा वास सुटला.

"सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "सरावानंतर. तुझ्या लक्षात नसेल."

चेबोने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते बघणं बाईंना जास्त जड गेलं.

"मग बरोबर. रात्रभर तेच आठवत बसलो होतो. आता निदान झोप तरी लागेल."

त्यांनी पर्समधून कागद काढला. चेबो डिंकाने चिकट झालेली बोटं चड्डीला पुसण्यात गुंतला होता.

"क्लबला दोन वर्षं बंदी पडू नये म्हणून हवाय हा. वाचून घे."

"तुम्ही वाचलाय ना?"

"हो."

"मग मी कशाला? कुठे सही करू?"

बाईंनी बोट ठेवलं. होडीच्या तळावरच कागद टेकवून त्याने सही केली. मोठी, गोल, प्रत्येक अक्षर सुटं. तशी सही करायला तो नऊ वर्षांचा असताना बाईंनीच शिकवलं होतं. फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद त्यांच्या हातात दिला. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखा थांबला.

"बाई, यात तुमच्यावर तर काही येत नाही ना?"

"नाही," ओंदिनाबाई म्हणाल्या.

"मग झालं," चेबो म्हणाला आणि पुन्हा होडीच्या कामाला लागला.