सात नंबरचा बिल्ला

हौशी मंडळात सेक्रेटरी कसा निवडतात ते ज्याला माहीत आहे, त्याला वेगळं काय सांगायचं! सभेला जो येत नाही त्याच्या गळ्यात ते लोढणं अडकवतात आणि टाळ्या वाजवतात. आपला हा सेक्रेटरी मात्र सभेला हजर होता, तोही पहिल्या खुर्चीवर. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याला उठायची घाई नव्हती. तेवढी पात्रता लोकांना पुरली. त्याला सव्वीस वर्षं झाली. बाजारात तो किल्लीवाला. एक बोळकांडीएवढं दुकान, त्यात किल्ल्या कापायचं मशीन, वर राहायच्या दोन खोल्या. लग्न राहून गेलेलं. का राहिलं, ते विचारणारी माणसंही आता उरली नव्हती.

मंडळाचा उद्योग एकच. वर्षातून एकदा धरणाच्या पाण्यात उतरायचं, मधल्या मनोऱ्याला वळसा घालायचा आणि परत त्याच पायऱ्यांवर यायचं. जाऊन-येऊन दोन किलोमीटर, हाडं गारठवणारं पाणी. बक्षीस नाही, हार नाही, पेपरात फोटो नाही. नुसती खाज! पण सेक्रेटरीने या खाजेला शिस्त लावली होती. आधी फॉर्म. ‘मी माझ्या मर्जीने व माझ्या जबाबदारीवर पाण्यात उतरत आहे. काही बरंवाईट झाल्यास मंडळाला वा सेक्रेटरीला जबाबदार धरणार नाही.’ खाली सही. सही नाही तर पाणी नाही, मग तो कोणी का असेना.

दुसरी शिस्त बिल्ल्यांची. पितळी पत्र्याचे गोल बिल्ले त्याने स्वतः कापले होते, एका बाजूला नंबर ठोकलेला, दुसरी बाजू लाल रंगवलेली. ते एका फळीवर खिळ्यांना टांगलेले असायचे. पाण्यात उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, बाहेर आलं की परत फिरवून नंबर वर आणायचा. फळीवर एकही लाल दिसला नाही म्हणजे सगळे आले. मग पाण्यात राखणीला ठेवलेल्या होडीवाल्याला शिट्टी मारायची, की बाबा, ये आता काठाला. साधी गोष्ट. शेंबड्या पोराला कळेल अशी.

फक्त कासवाला कळत नव्हती. कासव म्हणजे सात नंबर. बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. सेक्रेटरीचा एकुलता एक मित्र. पोहायचा संथ, शेवटचा यायचा, आणि पायऱ्यांवर न येता पन्नास पावलं अलीकडे खडकांवर चढायचा, कारण चहाचं दुकान तिथून जवळ. बिल्ला लाल तो लालच. दर वर्षी सेक्रेटरी खडकांकडे नजर लावून बसायचा, त्याची लाल टोपी वर चढताना दिसली की शिव्या घालत सात नंबर स्वतः फिरवायचा आणि तरातरा चहाच्या दुकानावर जायचा.

“नियम काय तुझ्या सासऱ्याने केलेत का रे?”

“विसरलो यार,” असं म्हणून कासव दुसरा चहा सांगायचा. सव्वीस वर्षं हेच. त्यात एका अक्षराचा फरक नाही.

या वर्षी वारा सुटला होता. एकेक जण कुडकुडत येत होता, आपला बिल्ला फिरवत होता. फळीवर एकच लाल उरला, सात. सेक्रेटरीने खडकांकडे पाहिलं. पाठमोरा माणूस वर चढत होता, डोक्याला लाल टोपी. “आला शहाणा,” असं पुटपुटत त्याने बिल्ला फिरवला, शिट्टी मारली. होडी काठाला आली. फॉर्म आवरण्यात, टॉवेल गोळा करण्यात अर्धा तास गेला. मग तो ओरडायची तयारी करून चहाच्या दुकानावर गेला, तर तिथे लाल टोपी घालून कोणी भलताच माणूस बसला होता. सहलीला आलेला. डुबकी मारून चहा पीत होता बिचारा.

सेक्रेटरी जो धावत सुटला! पण पायऱ्यांवर सगळ्यांचं एकच. “अहो, बिल्ला फिरवलेला आहे की. आला असेल, गेला असेल घरी.” त्याच्या ओरडण्यामुळे होडी परत निघाली. दुपारी कासव मनोऱ्याजवळ सापडला.

इन्स्पेक्टरने विचारलं, “बिल्ला कसा होता?”

“नंबर वर होता,” सेक्रेटरी म्हणाला. खोटं नव्हतं. पण तो कोणी फिरवला, हे त्याने सांगितलं नाही. इन्स्पेक्टरने लिहून घेतलं: सदर इसम सुखरूप बाहेर येऊन, बिल्ला फिरवून, पुन्हा स्वतःहून पाण्यात उतरला.

आठ नंबरला पोहणारा मंडळाचा वकील दुसऱ्याच दिवशी दुकानात आला. फॉर्म वाचून त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “सही आहे, तारीख आहे, साक्षीदार आहे. वा! तुम्ही सुटलात.” मग आवाज खाली आणला. “पण एक ऐका. हा फॉर्म त्याच्या चुकीला पुरतो, तुमच्या चुकीला पुरत नाही. तुमच्याकडून काही हयगय झाली असेल तर हा कागद चुलीत घाला. आणि मंडळ आपलं नोंदलेलं नाही, म्हणजे सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर. दुकान, वरच्या खोल्या, सगळं. म्हणून तोंडाला कुलूप घाला. तुम्हाला काय शिकवायचं ते! त्याच्या बायकोला भेटायला जाऊ नका. माफी तर मुळीच मागू नका. माफी म्हणजे कबुली.”

“वकीलसाहेब, मला एक सांगायचंय...”

“मला काहीही सांगू नका,” असं म्हणून वकील चप्पल घालून चालता झाला.

मंडळातल्या बाकीच्यांनी काखा वर केल्या. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथवर जायचे. त्याचं तेवढं काही नाही. पण सव्वीस वर्षं दर रविवारी दुपारी बाराला तो कासवाच्या घरी जेवायला जायचा, ते बंद झालं. पहिल्या रविवारी तो सवयीने कपडे करून निघाला आणि जिन्याच्या तळाशी थांबला. मग वर येऊन कपडे बदलले. आठवडाभर तो ज्यांच्याशी बोलायचा त्यांना एक तर किल्ली हवी असायची, नाहीतर सुटे पैसे. मशीन बंद केलं की दुकानात इतकं सामसूम व्हायचं, की तो उगाच परत चालू करायचा. खरं सांगायचं तर त्याला कासवाची आठवण येत नव्हती, त्याला कासव हवा होता.

सहाव्या रविवारी सकाळी दुकानाच्या दारात वहिनी उभी. कासवाची बायको. अंगाने निम्मी झालेली.

“भावजी, यांच्या कपाटाची किल्ली सापडत नाही. उघडून द्याल?”

वकिलाचं बोलणं आठवलं. पण कुलूप उघडायला नाही म्हणायचं, तर किल्लीवाल्याने काय सांगून म्हणायचं? त्याने पिशवी उचलली.

घरात जेवणाच्या टेबलाला तीन खुर्च्या तशाच होत्या. तो त्यांच्याकडे न बघता आतल्या खोलीत गेला, कपाटासमोर मांडी घालून बसला, कुलपात तार घातली. वहिनी पलंगाच्या कडेला टेकली.

“तुम्ही आला नाहीत, भावजी. कार्याला आलात, मागच्या मागे गेलात. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असणार, म्हणूनच तोंड चुकवताय.”

त्याच्या हातातली तार थांबली. “काय माहीत असणार?”

“ते परत का गेले ते.” ती खिडकीकडे बघत होती. “त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं. काही नाही हो, क्षुल्लक. हे वय आहे का पोहायचं, यावरून. मी बोलून गेले, की जा एकदाचे, परत येऊ नका. बायका बोलतात तसं. आणि ते बाहेर आले होते ना सुखरूप? बिल्ला फिरवला. सव्वीस वर्षांत कधी फिरवला नव्हता, त्या दिवशी नेमका आठवणीने फिरवला. म्हणजे निरोपच घेतला की हो. आणि मग परत पाण्यात गेले. माझ्या बोलण्यावर गेले. काही लिहून ठेवलं असेल तर याच कपाटात असणार.”

कुलूप खट्‌ करून उघडलं. तिने एकेक वस्तू बाहेर काढली. टोप्या, जुना युनिफॉर्म, नवा थर्मास, त्यावरची किमतीची चिठ्ठीही काढलेली नव्हती. खिसे उलटे केले. कप्प्यात अंथरलेला कागद उचलून खाली हात घातला. काही नव्हतं. तरी ती परत पहिल्यापासून बघायला लागली.

“नाहीये, वहिनी.”

“मग दुसरीकडे असेल. माळ्यावर बघते.”

सहा आठवडे हिने हे घर असंच उपसलं असणार, हे त्याच्या लक्षात आलं. पुढची किती वर्षं ती माळे शोधत राहणार होती, देव जाणे. दुकान गेलं, खोल्या गेल्या, तर तो स्वतः कुठेही राहिला असता. हिला मात्र स्वतःच्या घरातच राहायला जागा उरली नव्हती.

“वहिनी, बिल्ला त्याने नाही फिरवला. मी फिरवला.”

ती वळली.

त्याने सगळं सांगितलं. लाल टोपी, भलता माणूस, शिट्टी, होडी, अर्धा तास. “तो बाहेर आलाच नव्हता. पाण्यातच होता. मी होडी काढून घेतली. पोलिसांना बोललो नाही. भ्यायलो.”

“म्हणजे ते परत नाही गेले?”

“नाही.”

“घरीच यायला निघाले होते?”

“हो. नेहमीसारखाच येत होता.”

तिने हे तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्याने सांगितलं. मग ती युनिफॉर्ममध्ये तोंड खुपसून रडली, हमसून हमसून. ते रडणं सुटकेचं होतं, तेवढं त्यालाही कळलं. तो जमिनीवर बसून राहिला. पाणी आणून द्यावं की नाही, याचा आता आपल्याला हक्क आहे की नाही, हेच त्याला ठरवता येईना.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. चेहरा वेगळाच दिसत होता.

“लिहून द्या.”

“काय?”

“आत्ता बोललात ते. माझ्या नवऱ्याकडून लिहून घेतलंत ना? आता तुम्ही द्या. खाली सही करा.”

त्याने टेबलाशी बसून लिहिलं. आपल्या नेहमीच्या खुर्चीवर नाही, दाराजवळचं स्टूल ओढून त्यावर बसून, कागद टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून. ‘मी माझ्या मर्जीने’ अशी सुरुवात हाताच्या सवयीने झाली. ती त्याने खोडली नाही. तारीख घातली, सही केली. तिने कागद दोनदा वाचला.

“उद्या पोलिसांना देणार आहे मी.”

“द्या. मीही येतो.”

“नको. माझी मी जाईन.” तिने कागद कपाटात ठेवला, दार लावलं. “नवीन किल्ली बसवून द्या.”

त्याने पिशवीतून कोरी किल्ली काढून कानशीने घासायला घेतली. ती बघत उभी होती. एकदम म्हणाली, “विसरायचे नाहीत ते.”

“काय?”

“बिल्ला. मुद्दाम ठेवायचे तसा. मी विचारलं होतं एकदा, की एवढा साधा नियम तुम्हाला पाळता येत नाही का? तर म्हणाले, अगं, त्याला हक्काने ओरडायला दुसरं आहे कोण? मी बिल्ला फिरवला, तर तो चहाला यायचाच नाही. फॉर्म मोजत बसेल एकटा.”

त्याने किल्ली घासणं थांबवलं नाही. दाते जास्त खोल गेले, किल्ली वाया गेली. त्याने दुसरी काढली. ती नीट झाली. कुलपात दोनदा फिरवून पाहिली आणि तिच्या हातावर ठेवली.

“जा आता तुम्ही, सेक्रेटरी,” ती म्हणाली.

इतकी वर्षं त्या घरात तो भावजी होता. त्याने पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरला. रस्त्यावर आल्यावर सवयीने घड्याळ पाहिलं. बाराला पाच मिनिटं कमी होती.